चिलखत वापरायचं की जपायचं

अन्या,

तुझा मुद्दा मला अजून पटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेलेल्या माणसाशी बोलताना लोक जसे एकदम गोड होतात तसा मीही झालोय असं तुला वाटायचं. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुझ्या मुलुंडच्या घरातल्या भाड्याच्या सतरंज्या परत गेल्या, आणि मी तुझ्याशी भांडतोच आहे. ऑफिसात भांडतो, रस्त्याने भांडतो. परवा घाटकोपरला बसथांब्यावर मी मोठ्याने म्हणालो, "पण मग वस्तू टिकणार कशी?" आणि शेजारची बाई जरा लांब सरकून उभी राहिली.

सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तुझं अक्षर, तुझी ड्रॉइंगं, तुझा शांत स्वभाव. शांत! एका चिलखतापायी ज्या माणसाने मला शनिवारमागून शनिवार रडवलं तो शांत? पण त्यांना ते माहीत नाही. माहीत असलेले तिघेच. मी, तुझी नंदा आणि मणी.

खोकं मणीने आणलं. तुझ्या मजल्यावरचा सुब्रमण्यम, पंखे विकत गावोगाव फिरणारा. त्याचा भाऊ बोटीवर होता आणि कुठल्याशा बंदरातून त्याने ते उचललं होतं. आत दोन पातळ इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र आकाराचे फासे, एक तर चक्क वीस तोंडांचा. मणीला वाटलं, व्यापारासारखा पटाचा खेळ असेल. पट काही सापडेना, म्हणून वैतागून खोकं तुझ्या हवाली केलं. "तू ड्राफ्ट्समन ना रे, बघ, यात नकाशे आहेत." तू ती पुस्तकं वाचलीस आणि मला गाठून म्हणालास, "बाळ्या, यात पट नाहीच. पट डोक्यात ठेवायचा असतो."

तू एक मुलूख रचलास. गडकोट, गुहा, बाजार, राजे, ड्रॅगन. आम्ही प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवायचा, आणि पुढे काय झालं ते तू. जिंकणं नाही, हरणं नाही. जगलात-वाचलात तर पुढच्या शनिवारी या. मला हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला, कारण खरं सांगायचं तर मी खेळायला आलोच नव्हतो. मला नंदाने पाठवलं होतं.

"दादा, तू बसत जा ना त्यांच्यात," ती म्हणाली होती. "हा राक्षसांचे आवाज काढतो आणि मग दम लागतो त्याला. माझं ऐकत नाही. तू काही बोलू नकोस, नुसतं लक्ष ठेव."

लक्ष ठेवणं मला जमतं. भीती वाटायला मला कारण लागत नाही, हे तू शाळेपासून बघत आलास. आणि तुझ्या बाबतीत तर कारण होतंच. लहानपणी तुला सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आखडली. पीटीच्या तासाला सर तुला झाडाखाली बसवायचे आणि सोबतीला मला. पुढे तू आणि नंदाने लग्न ठरवलंत तेव्हा आई चुलीपुढून उठेना. "जाणून सवरून माझ्या चेडवाक खाईत ढकलूचा नाय हां माका," एवढं एकच तिचं पालुपद. नंदा शांतपणे म्हणाली, "कोणी ढकलत नाहीये आई, मी आपली चालत जातेय." मी मध्ये उभा. तू माझा मित्र, ती माझी बहीण, आणि कोणाच्या बाजूने घाबरावं तेच मला कळत नव्हतं.

तर मी लक्ष ठेवायला आलो. तुझे ओठ निळसर दिसतात का, वाक्य मध्येच तोडून श्वास घेतोस का, ते बघत बसायचो. नुसतं बसलेलं बरं दिसेना म्हणून एक जादूगार घेतला. तू नाव विचारलंस, मी म्हटलं खोत. तू इतका हसलास की मला पहिल्याच दिवशी पाण्याचा ग्लास आणायला धावावं लागलं. मणीचा लढवय्या होता, त्याचं नाव राजा. आणि स्वयंपाकघरातून ओरडून सूचना देणारी नंदा हळूहळू पदराला हात पुसत बाहेर आली ती कायमचीच. तिची वैद्यीण, आवडी. आमची आई आलेली असली की नंदा तुला अहो म्हणायची. खेळ सुरू झाला की अरे तुरे.

आवडी म्हणजे नंदाच. दार दिसलं की उघडणार, अंधार दिसला की शिरणार. राजा जखमी पडला की बाण येत असताना त्याच्यापर्यंत रांगत जाणार. ते सगळं कागदावरचं होतं, तरी मी "मागे ये" म्हणून ओरडायचो. म्हणून एका शनिवारी मी तुला म्हणालो, "खोतला चिलखत बनवायचंय. असं की घालणाऱ्याला तलवार, बाण, ड्रॅगनचा जाळ, कशानेच काही होणार नाही."

"कोणासाठी?"

"आवडीसाठी."

तू पुस्तक उघडलंसही नाहीस. पेन्सिल कानावर लावलीस आणि भाव सांगायला बसलास.

"ड्रॅगनचे खवले लागतील. मारून आणलेले नाही चालणार, त्याने राजीखुशीने दिलेले. एखाद्या तालुक्याचा महसूल होईल एवढं सोनं. अख्खं वर्ष भट्टीपुढे, तेवढ्या काळात खोत दुसरं काही करणार नाही. आणि शेवटी जीवटातला एक आकडा."

प्रत्येकाच्या माणसाला काही आकडे असायचे. अक्कल किती, ताकद किती, आणि दुखणी-खुपणी सोसायची ताकद किती. त्या शेवटच्याला तू जीवट असं नाव दिलं होतंस.

"उसना ना?" मी विचारलं.

"कायमचा. बनवणाऱ्याच्या जिवातला तुकडा वस्तूत उतरल्याशिवाय ती वस्तू जिवंत होत नाही."

"आणि इतकं करून फासा वाईट पडला तर?"

"तर सगळं गेलं. जीवटसुद्धा."

"अबे लूट आहे ही!" मणी म्हणाला. "माझ्या पंख्याला दोन वर्षांची गॅरंटी असते यार."

मी पंपाच्या कारखान्यात कॉस्टिंगला आहे, आणि हा भाव मला झोपू देईना. माल, मजुरी, भट्टीचं जळण, वाया गेलेले नग, हे धरून वस्तूचा भाव निघतो हे मला ठाऊक. पण तुझ्या मुलखात वस्तू बनवायला एवढा खर्च येतो तर मग तुझ्याच मुलखातल्या प्रत्येक गुहेत जादूची तलवार पडलेली कशी? "एवढा जीव ओतून कोण बनवतं, आणि बनवून उकिरड्यात कोण टाकून जातं?" मी विचारलं. "एक तर तुझा भाव खोटा, नाहीतर तुझ्या गुहा खोट्या."

तू म्हणालास, "बनवणारे मेले. वापरणारेही मेले. वस्तू राहिली. फार जुना मुलूख आहे रे हा."

मला ते उत्तर आवडलं नाही. मला भीती वाटली. तू हे इतक्या सहज बोललास म्हणून.

सोनं जमवायला मी दुकान काढलं. छोटं औषध, जखम भरून आणणारं, हे बनवायला स्वस्त होतं. रानातली मुळी, थोडं जळण, एक दिवस. खोत ते गडावरच्या शिपायांना विकू लागला आणि पहिले काही शनिवार माझी चंगळ झाली. मग तू सुरू झालास. मुळ्या आणणाऱ्या बायांनी भाव वाढवला. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या जादूगाराने तेच औषध माझ्याहून स्वस्तात ठेवलं. मी भाव पाडला, त्याने आणखी पाडला, आणि रानातली मुळी संपली. मग तू खालच्या आवाजात सांगितलंस, की औषध इतकं स्वस्त झाल्यावर शिपायांना जखमेची भीती उरली नाही, गडाच्या राजाला शिपायांची काळजी उरली नाही, आणि त्याने शेजारच्या राज्यावर स्वारी काढली आहे. आता मुळी नाही. औषध नाही. शिपाई मात्र रणात पोचलेत.

मला खरोखरच घाम फुटला होता. नंदा म्हणाली, "अरे, दादाकडे बघ. पोरं मारलीस ना त्याची तू."

"मी नाही मारली," तू म्हणालास. "भावाने मारली."

त्या आठवड्यात मी कारखान्यात एकाही नगाचा भाव धडपणे काढू शकलो नाही. असा होतास तू. तुझ्या मुलखात कुठलीच गोष्ट फुकट मिळायची नाही आणि स्वस्तात मिळाली तर दुसरंच कोणी तरी तिची भरपाई करायचं. मी दुकान बंद केलं, उरलेली औषधं गडावर पाठवून दिली, आणि मग आम्ही तिघांनी सोन्यासाठी सरळ मार्ग धरला, म्हणजे तुझ्या गुहा.

सोनं जमलं. ड्रॅगनचे खवले नंदाने मिळवले. त्याच्या डोळ्यात गेलेला भाल्याचा तुकडा आवडीने काढला, आणि तू ड्रॅगनच्या घोगऱ्या आवाजात तिचे आभार मानलेस. मी तुझे ओठ बघत होतो. निळे होते. त्या महिन्यात जिना चढताना तू प्रत्येक वळणावर थांबायला लागला होतास आणि थांबण्याचं कारण म्हणून चपलेचा अंगठा नीट करायचास.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप बदलावी लागेल. छाती उघडायची, बाहेरून मागवलेली धातूची झडप बसवायची. धोका आहे, पण थांबण्यातही आहे. नंदाने बांगड्या काढून आईच्या कपाटात ठेवल्या होत्या, मोडायला. बाबा गिरणीतून सुटल्यावर मिळालेले पैसे द्यायला तयार होते, आईसुद्धा. मणी म्हणाला होता, रक्त लागलं तर माझं घ्या, फुकट पडून आहे. तू सगळ्यांना "बघू" म्हणायचास.

मग तो शनिवार. खोतचं भट्टीपुढचं वर्ष संपलं होतं, आता जीवट द्यायची वेळ. खोतचं जीवट मुळातच कमी, त्यातला आकडा गेला तर साध्या तापानेही तो गेला असता. मी घुटमळत होतो. तेवढ्यात नंदा म्हणाली, "आवडी देते. तिच्याकडे भरपूर आहे."

"नाही चालणार," तू म्हणालास.

"का?"

"बनवणाऱ्यानेच द्यायचं. नियम आहे."

"पुस्तकात आहे?"

"नाही. माझा आहे."

"मग बदल."

"नंदा, ज्याची वस्तू त्याने किंमत भरायची. दुसऱ्याच्या जिवावर नाही बनवायची."

"वस्तू आवडीसाठी आहे! मग आवडीने बघत बसायचं?" नंदाचा आवाज चढला. "सगळ्यांनी नुसतं बघत बसायचं आणि एकट्याने काय ते भरायचं, हा कसला रे नियम?"

"हाच नियम आहे," तू म्हणालास. "म्हणूनच मी डॉक्टरला 'नाही' म्हणून कळवलं."

गॅसवर चहा उतू जात होता. वास आला तरी कोणी उठलं नाही. मणीने हातातला फासा इतका हळू खाली ठेवला की आवाजही झाला नाही.

"कधी कळवलंस?" नंदाने विचारलं.

"गेल्या आठवड्यात."

"मला न विचारता."

"तुझ्या बांगड्या, बाबांचे पैसे, आणि उद्या मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो तर? तुमच्याकडे काय उरेल? मी बसून भाव काढलाय नंदा. परवडत नाही."

माझ्याकडे बघत होतास तू हे म्हणताना. मी कॉस्टिंगवाला, मी तरी समजून घेईन अशी तुझी समजूत असावी. मला एवढंच आठवतं, की मी म्हणालो, "तुला भाव काढता येत नाही अन्या. तू फक्त खर्च धरलास."

नंदा उठली. गॅस बंद केला. भांडं तसंच सिंकमध्ये टाकून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मणी आणि मी चपला घालून निघालो. जिन्यात मणी म्हणाला, "सालं, खेळात वाट लागली ते एक. पण हे..."

तो आठवडा कसा गेला ते मी तुला कधी सांगितलं नाही. दर संध्याकाळी मी तुमच्या इमारतीखालून जायचो. खिडकीत दिवा दिसला की घरी. वर यायची हिंमत नव्हती. नवरा-बायकोत काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही, नंदाने सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही.

पुढच्या शनिवारी तू आम्हाला बोलावलंस. नंदाचे डोळे सुजलेले होते पण तिने भजी तळली होती. तू बसलास, घसा खाकरलास आणि ऑफिसातलं सर्क्युलर वाचून दाखवावं तसं बोललास, "नियमात बदल. जीवट वाटून देता येईल. देणाऱ्याने आपणहून द्यायचं. आणि ज्याच्यासाठी आहे त्याने नाही म्हणायचं नाही."

"झकास!" मणी ओरडला आणि लगेच नंदाकडे बघून गप्प झाला.

"फासा आज नको टाकायला," तू म्हणालास. "परत आल्यावर टाकू. सोमवारी भरती व्हायचंय."

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मी काही लिहू शकत नाही. इस्पितळाच्या बाकावर मणी, बाबा, नंदा आणि मी ओळीने बसलो होतो, आणि कोणी पांढऱ्या कपड्यातलं त्या दारातून बाहेर आलं की चौघेही एकदम उभे राहायचो. प्रत्येक वेळी ते दुसऱ्याच कोणासाठी असायचं. शेवटी जे आमच्यासाठी आले ते थकलेले होते आणि हसत होते. मला त्यांचं हसू खरं वाटेना, मी त्यांना पुन्हा विचारलं. नंदाने मला ओढून खाली बसवलं.

तू परत आलास तो वाजत आलास. धातूच्या झडपेचा आवाज यायचा. खोली शांत असली की टक, टक, टक, एखादं मनगटी घड्याळ उशीखाली ठेवावं तसा. मणी म्हणाला, "आता तू लपाछपी नाही खेळू शकत." तू हसलास, आणि ओठ निळे झाले नाहीत. मी ते बघितलं. किती दिवसांनी बघितलं.

फासा मणीने टाकला. तो आकडा आमच्या तिघांच्या जीवटात वाटून तू स्वतःच्या हाताने खोडलास आणि मणीने डोळे मिटून तो वीस तोंडांचा फासा फेकला. चिलखत झालं. आम्ही इतके ओरडलो की खालच्या मजल्यावरचे पटेल विचारायला वर आले, रंगीत टीव्ही घेतलात की काय.

आणि आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

कारण मी आवडीला ते चिलखत घालू देईना. छोट्या लढाईला कशाला, मोठी येईल तेव्हा घाल. मोठी आली की म्हणायचो, यात गमावलं तर? पुन्हा कुठून बनवायचं? इतका खर्च आहे त्यात. खोतने ते लाकडी पेटीत ठेवून त्यावर कुलूपमंत्र टाकला होता. तू मुद्दाम एकापेक्षा एक भयंकर राक्षस पाठवायचास आणि मी प्रत्येक वेळी पळायचा रस्ता शोधायचो. "अरे, वापर ना ते!" तू कपाळावर हात मारायचास. "जास्तीची वस्तू जपावी, बाळ्या. ही एकच आहे, म्हणून वापर."

"एकच आहे म्हणूनच जपायची," मी म्हणायचो.

तेव्हा आपण नुसत्या चिलखताबद्दल बोलत नव्हतो, हे आपल्या दोघांनाही कळत होतं. तुला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची होती, पालेभाजी बेताने, कापलं-खरचटलं तर धावाधाव. मी नंदाला तुझा वस्तरासुद्धा बदलायला लावला. तू गणपतीला गावी जायचं काढलंस, मी नको म्हणालो. तू जिना भरभर चढलास, मी ओरडलो. टक टक जरा जलद झाली की माझं लक्ष खेळातून उडायचं. एकदा तू चिडून म्हणालास, "एवढा खर्च करून बनवून घेतलंत ना मला? मग पेटीत कशाला ठेवता?"

नंदाने आवडीला एक दिवस मला न विचारता ते चिलखत घातलं. खोत झोपलेला असताना आवडीने मंत्र तोडून पेटी उघडली आणि जळत्या गावात शिरून माणसं बाहेर काढली. शेवटी चिलखताला एक चरा पडला. मी खरोखर उठून गॅलरीत गेलो. आतून तुम्हा तिघांचं हसणं ऐकू येत होतं. तू गॅलरीत आलास, माझ्या शेजारी उभा राहिलास. टक, टक, टक. "चरा पडला म्हणजे काम झालं रे," म्हणालास. मी म्हणालो, "पुढचा चरा खोल पडेल."

मग तू कान्हेरीचं काढलंस. इतकी वर्षं गुहा रचतोय आणि खरी गुहा बघितली नाही, असं तुझं म्हणणं. मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले जाऊ दे की, हळूहळू चढू दे. मी म्हणालो, उन्हाचं काय, पायऱ्यांचं काय, पडला तर काय. ते म्हणाले, "तुम्हाला तपासायला हवं." मी येणार नाही असं जाहीर केलं. आणि रविवारी सकाळी मणीने साहेबाची फियाट मागून आणली तेव्हा मी थर्मास, पाण्याची बाटली, गोळ्या, बँडेज आणि छत्री घेऊन खाली उभा होतो. तुम्ही कोणी हसला नाहीत. त्याबद्दल आभार.

बोरिवलीच्या रानातून वर गेलो. पायऱ्यांवर मी तुझ्या मागे होतो, पडलास तर झेलायला. तू थांबत थांबत चढलास, पण चपलेचा अंगठा एकदाही नीट केला नाहीस. थांबायचास तेव्हा सरळ थांबायचास आणि आजूबाजूला बघायचास. वरच्या मोठ्या गुहेत शिरल्यावर नंदा पुढे गेली, अर्थातच. मणी खांब थोपटून बघत होता. तू मध्ये उभा राहिलास, मान वर केलीस, आणि छाती भरून श्वास घेऊन तो ड्रॅगनचा घोगरा आवाज काढलास. पूर्ण ताकदीने. मी तुझा हात धरायला पुढे झालो आणि तेवढ्यात गुहेने तो आवाज परत दिला. कितीतरी पट मोठा. तो भिंतींवरून फिरत राहिला, नंदा अंधारातून खळखळून हसली, आणि तू माझ्याकडे वळलास. तुझा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. दहा वर्षांच्या पोराचा. झाडाखाली न बसलेल्या.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी तू गेलास. सकाळी ऑफिसला निघताना उजवा हात उचलेना, बोलणं अडखळलं. मेंदूत रक्ताची गाठ. झडपेवर अशी गाठ होऊ शकते, गोळ्या घेऊनही होऊ शकते, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत संपलं. नंदा तुझ्या छातीवर कान ठेवून होती, आवाज थांबेपर्यंत आणि थांबल्यावरही.

मी डॉक्टरांना विचारलं, कान्हेरीमुळे का? ते नाही म्हणाले. पुन्हा जाऊन विचारलं, जिन्यामुळे का, ओरडण्यामुळे का? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं, संबंध नाही. मी मान हलवली. घरी आल्यावर पुन्हा तेच. गेलो नसतो तर? पेटीत ठेवलं असतं तर? आणखी किती टिकला असतास?

काल नंदाकडे गेलो. ती तुझे कपडे घडी करत होती. मी दारातच ते विचारून टाकलं. तिला वाईट वाटेल हे कळत होतं, पण राहवेना. "नंदा, आपण त्याला नेलं नसतं तर..."

तिने हातातला सदरा मांडीवर ठेवला.

"दादा, मी त्याला परत नेईन," ती म्हणाली. "उद्या मला कोणी सांगितलं ना, की पुन्हा तीच सकाळ देतो आणि पुढचं सगळंही तेच होईल, तरी मी डबा भरीन आणि नेईन."

तिने सदरा पुन्हा घडीला घेतला. मग तिने विचारलं, "तू तेव्हा कान्हेरीला आला नसतास तर बरं झालं असतं असं वाटतं का तुला?"

अन्या, तुझा मुद्दा मला पटलेला नाही, आणि बहुतेक पटणारही नाही. मी घाबरट माणूस आहे, एकच असलेली वस्तू उघड्यावर आणायची म्हटलं की मी आजही आधी कुलूप शोधतो. पण तिला मी "नाही" म्हणालो. विचार न करता म्हणालो. तू ओरडलास आणि गुहेने तुला उत्तर दिलं तेव्हा मी तिथे होतो, अगदी जवळ. ते मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही.